मूठभर अंतर

मुलाखतीला आणि गाण्याला मिळून एकच माईक घ्यायचा असेल, उन्हात-धुळीत हिंडायचं असेल, तर कोणता घ्यावा, असं पोरं मला अजूनही विचारायला येतात. कुणी संशोधन करणारं असतं, कुणी मोबाईलवर आपलं चॅनल चालवणारं. मी त्यांना दुकानातल्या काचेच्या कपाटापाशी नेतो, खालच्या खणातून माझ्या वडलांचा, आप्पांचा माईक काढतो, त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, आधी वजन बघा. तो जड आहे. जाळीला एका बाजूनं पोचा आहे आणि दांड्यावर बोटं येतात तिथला काळा रंग उडून आतलं पितळ दिसतं. मग मी सांगतो, सेल न लागणारा घ्या, कॉईलचा घ्या, पोलादी जाळीचा घ्या, पडला तरी बोलणारा घ्या. आणि तोंडाशी धरल्याशिवाय ज्याला ऐकू येत नाही, असा घ्या. या शेवटच्या वाक्याला पोरं हसतात. त्यांना तो माईकचा दोष वाटतो. असा बहिरा माईक का घ्यायचा, हे मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मी तसा कमी बोलणारा माणूस आहे, आणि लोक त्याला स्वभाव म्हणतात. तो स्वभाव नव्हता.

आमचं दुकान लातूरच्या गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका गल्लीत होतं, अजूनही तिथंच आहे. रेडिओ दुरुस्ती आणि लग्नकार्याला लाऊडस्पीकर. एका बाजूला भुसाराची दुकानं, मागं डाळ मिल. ती मिल दिवसभर घरघरायची आणि आमच्या घरात बोलायचं म्हणजे त्या घरघरीच्या वरून बोलावं लागायचं. आव्वा, माझी आई, बिदरकडची, ती कानडीत हाक मारायची, "बारो बसू, ऊटा आरतद," म्हणजे ये रे, जेवण गार होतंय, आणि आम्ही मराठीत उत्तर द्यायचो. कोरडा काळ होता. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही खाकरत. आव्वानं घरातल्या पाण्याची वाटणी करून टाकली होती. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणातल्या जाईला. आप्पा सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायचे, तेव्हा आव्वा पळीभर पाणी द्यायची आणि म्हणायची, "साकु, पुरे. देवालाबी कळतंय दुष्काळ हाय." जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरून करडईचं कच्चं तेल. भाजी आठवड्याच्या बाजारादिवशीच. मला त्या जेवणाची चव आज लागते, तेव्हा नुसतं पोट भरायचं.

त्याच दिवसांत लातूर जिल्हा झालं होतं. गावात नव्या पाट्या, नवे साहेब, नव्या जीपगाड्या. आणि उद्घाटनं. आज या कचेरीचं, उद्या त्या रस्त्याचं. प्रत्येक ठिकाणी आप्पांचा कर्णा आणि आप्पांचा माईक. आप्पा घरी येऊन सदरा काढता काढता म्हणायचे, "पाऊस सोडून समद्याचं उद्घाटन झालं बघ." त्यांचा माईक कितीतरी पुढाऱ्यांच्या हातून पडला होता, एकदा बैलगाडीतून पडून चाकाखाली आला होता, तो पोचा तेव्हाचा. आप्पा माईक पारखायचे त्याची मला आता नक्कल करता येते, पण त्यांच्यासारखं हसू आणता येत नाही. ते माईक आधी कानाशी धरून हलवायचे, आत काही खुळखुळतं का बघायला. मग ज्वारीच्या पोत्यावर हातभर उंचीवरून टाकायचे. मग दांडा मुठीत धरून मूठ घासायची, कर्ण्यातून खरखर आली तर तो माईक हातात धरायच्या कामाचा नाही. फुंकर मारलेली, टिचकी मारलेली त्यांना खपत नसे. "हॅलो हॅलो" तर नाहीच. ते म्हणायचे, "करडई. तूरडाळ. फुटाणे. ठोकळा." फ आणि ठ नीट निघाला की माईक पास. आणि गाणाऱ्याला ते एकच गोष्ट सांगायचे. आपली मूठ हनुवटीपाशी ठेवून दाखवायचे, "एक मूठ. तोंड नि माईक ह्यात एक मूठ अंतर. जवळ आणला तर तो गुदमरतो, लांब नेला तर त्याला कळत न्हाई कुणाचं ऐकावं."

मी कॉलेजात नापास होऊन दुकानात बसत होतो, तेव्हा नांदेडहून सर आले. नाव लिहीत नाही, ते भले माणूस होते आणि या सगळ्यात त्यांचा काही संबंध नाही. ते दुष्काळी कामांवरच्या बायकांची गाणी गोळा करत होते. खडी फोडताना, बांध घालताना बायका गातात ती. त्यांच्याजवळ खांद्याला अडकवायचा टेपरेकॉर्डर होता, पण त्यांना एकट्याला सगळीकडं हिंडणं होईना, म्हणून लातूरच्या आसपासचं काम त्यांनी मला दिलं. माईक मात्र त्यांनी हैदराबादेहून एका मित्राकडून आणलेला. पेनासारखा सडपातळ, चंदेरी, पोटात एक छोटा सेल. त्यांनी तो कापडातून काढून आप्पांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघा, फिरतीच्या कामाला चालेल का? नसेल तर तुमचा एखादा द्या."

आप्पांनी तो हातात घेतला, पोत्यावर टाकायला हात उचलला, आणि सरांचा चेहरा बघून खाली ठेवला. लावून बघितला. दुकानात कुणी बोलत नव्हतं, तरी कर्ण्यातून मागच्या मिलची घरघर, गल्लीतल्या सायकलची घंटी, आव्वाची आतल्या घरातली बांगडी, सगळं यायला लागलं. माझ्या अंगावर काटा आला. असं ऐकणं मी कधी ऐकलं नव्हतं. आप्पा मात्र मान हलवून म्हणाले, "ह्याला मालक न्हाई, सर. हा समद्यांचंच ऐकतो. धुळीत टिकायचा न्हाई, नि माणसात बसवायच्या लायकीचाबी न्हाई. माझा न्या."

सर माझ्याकडं बघून हसले. "बसवराज, वापरणार तू. तू ठरव."

मी चंदेरी घेतला. आप्पांनी आपला माईक फडक्यात गुंडाळून खालच्या खणात ठेवला, एवढंच.

निलंग्याच्या वाटेवर, गावापासून तासभर सायकलीवर, नव्या रस्त्याची खडी फुटत होती. माळावर झाड नाही, बायकांनी काठ्या रोवून त्यावर लुगड्याचे तुकडे बांधून सावल्या केल्या होत्या. प्रत्येकीपुढं काळ्या दगडाचा ढीग, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, उजव्या हातात हातोडी. त्यांत दोघी जोडीनं बसायच्या, गयाबाई आणि कौसाबाई. दोघी एका माहेरच्या, एकाच गावात दिलेल्या, तिशीच्या आतबाहेरच्या. दोघींची घरं बुद्धवाड्यातली. गयाबाई उंच, हाडाची, तोंडानं फटकळ. कौसाबाई गोल चेहऱ्याची, तिला हसू आलं की ती पदर तोंडात कोंबायची. गयाबाई गाणं उचलायची आणि कौसाबाई ते झेलायची. त्यांच्यात तशीच रीत होती. पहिल्या दोन ओळी उचलणारीच्या, पुढच्या दोन झेलणारीच्या, आणि झेलणारीनं काय म्हणायचं ते उचलणारीला आधी ठाऊक नसायचं. एकीनं दोघींच्या ओळी म्हणायच्या नाहीत. म्हटल्या तर ते गाणं उष्टं होतं, असं त्या म्हणायच्या.

पहिल्या दिवशी मला बघून गयाबाई म्हणाली, "आलं बग, बाजारातलं पोरगं. काय रं, ती चांदीची काडी कशाला? दात कोरायला?"

"तुमचं गाणं घ्यायला, मावशी."

"घे की. नेऊन काय करतूस? पाऊस पाडतूस का त्यानं?"

"पडला तर बराच आहे," मी म्हटलं, आणि कौसाबाईनं पदर तोंडात कोंबला.

चार-सहा फेऱ्यांत त्या मला सरावल्या. मी आव्वानं दिलेले धपाटे घेऊन जायचो, तेही त्या खायच्या आणि म्हणायच्या, तुझ्या आईचा हात सैल हाय, तीळ लई घालती. एका दुपारी हातोड्यांचा ठेका जमला, वारा पडला, आणि गयाबाईनं उचललं. मी माईक दगडांच्या ढिगावर दोघींच्या मध्ये टेकवला होता. त्याला तोंडाशी धरावं लागत नव्हतं, हाच तर त्याचा मोठेपणा.

"जिल्हा नवा झाला बाई, साहेब आला जीपनं
वाट त्याची केली आम्ही हातावरल्या फोडानं."

हातोडीचे दोन घाव नुसतेच पडले. मग कौसाबाईनं झेललं, बारीक पण सरळ आवाजात,

"फोड फुटला माझा बाई, त्याचं पाणी आलं हाती
तेवढंच गं पाणी औंदा आलं आपल्या गावाभोती."

गयाबाईची हातोडी थांबली. ती मैत्रिणीकडं बघून म्हणाली, "आगं माझे बाई, कुठनं आनलंस हे?" कौसाबाई लाजून दगड चाचपायला लागली. मी लिहून ठेवतो, की त्या दिवशी त्या माळावर जे झालं त्याहून मोठं गाणं मी पुढच्या सगळ्या आयुष्यात ऐकलं नाही, आणि माझं आयुष्य गाणी ऐकण्यातच गेलं.

गाणं संपलं आणि मी आनंदात उठलो, पाणी प्यायला गेलो. टेप बंद करायची विसरलो. बाभळीच्या काट्यांच्या आडोशाला मोठा रांजण होता, त्यापाशी एक म्हातारा पाणक्या बसायचा. मला बघताच त्यानं तांब्या बुडवून भरून हातात दिला. मी प्यालो. बुद्धवाड्यातल्या बायकांना तो वरून ओतायचा आणि त्या ओंजळीनं प्यायच्या, हे मी रोज बघत होतो आणि बघत नव्हतो. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, मुकादमानं सांगितलंय असंही कुणी म्हणत नसे. आमच्याच घरी मागच्या दाराशी गोवऱ्या घेऊन येणाऱ्या बाईला आव्वा तसंच पाणी घालायची. मला ते पाणी घालणं म्हणजे आव्वाचा चांगुलपणाच वाटायचा.

संध्याकाळी घरी येऊन टेप लावली. गाणं सुरेख उतरलं होतं. आव्वा भाकरी थापता थापता ऐकत होती, तिनं डोळे पुसले. गाणं संपलं, माझ्या चपलांचा आवाज लांब गेला, आणि मग टेपमधून दोघींची कुजबुज यायला लागली. हातोड्यांच्या आवाजातून, हातभर लांबून, अगदी कानाशी बोलावी तशी स्वच्छ.

"कौसे, एक सांगू? कुणाला बोलू नगंस."

"सांग की."

"काल त्यो म्हातारा पेंगत हुता. म्या तांब्या घेतला, रांजणात बुडवला नि पेले. माझ्या हातानं."

"आगं बया! कुणी बगितलं तर?"

"कुणी न्हाई. कौसे, पानी लई गार असतं गं आत. वरून वततेत तवा हातातच ऊन हुतंय, कळतच न्हाई. म्या दोन तांबे पेले."

आणि मग दोघींचं हसू. शाळेतल्या पोरींसारखं, दाबलेलं, मधूनच फुटणारं. मी ते हसू इतक्या वेळा आठवलं आहे, की आता ते माझ्या आठवणीतलं आहे की टेपवरचं होतं, मला सांगता येत नाही.

आव्वाचा हात परातीत थांबला होता. तिनं पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "बसू, एवढं पुसून टाक."

"का? सरांना लागेल."

"सरास्नी गाणं लागतंय. हे गाणं न्हाई. हे एका बाईनं दुसऱ्या बाईच्या कानात सांगितलंय. तिथं तुझं काय काम? मिटव."

मी हो म्हटलं. पुसलं नाही. चुकून राहिलं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. चुकून राहिलं नव्हतं. त्या कुजबुजीइतकं स्वच्छ काहीच उतरलं नव्हतं आणि मला माझ्या निवडीचा पुरावा पुसवत नव्हता. आप्पांचा माईक हे कधी ऐकू शकला नसता. मला आप्पांना ते ऐकवायचं होतं.

ऐकलं ते दुसऱ्यानंच. दुसऱ्या दिवशी आप्पा बाहेर गेले होते आणि खडीच्या कामाचा मुकादम त्याचा रेडिओ न्यायला आला. गोड बोलणारा माणूस, आव्वाला ताई म्हणायचा, माझ्या मुंजीएवढ्या वयापासून मला ओळखायचा असं स्वतःच म्हणायचा. आमच्यात मुंज नसते हे त्याला ठाऊक असून म्हणायचा, हसवायला. त्यानं विचारलं, "काय बसवराज, बायकांची गाणी भरायलास म्हनं. कसं येतंय?" मी टेप लावली. गाणं झालं, त्यानं वा वा केलं. बटणावर माझा अंगठा होता. पुढं काय आहे ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "हे काहीच नाही, आता पुढचं ऐका. मी तिथं नव्हतोसुद्धा. एवढ्या लांबून, एवढं हळू बोललेलं. ऐका." आणि मी आवाज वाढवला.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. "गयीचा आवाज की हा," तो म्हणाला. मग रेडिओ काखेत मारून उठला. "मशीन मातर नंबर एक हाय बाबा."

तिसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन माळावर पोचलो तेव्हा हातोड्यांचा आवाज नव्हता. रांजणाची खापरं बाभळीपाशी पडली होती, खालची माती अजून ओली होती. त्या दुष्काळात ओली माती. बायका दोन्हीकडं उभ्या होत्या आणि मुकादम शांतपणे, कुणाला लागू नये अशा आवाजात सांगत होता, की बाकीच्या बायका या पाण्याला शिवायला तयार नाहीत, त्याचा नाइलाज आहे, गयाबाईनं उद्यापासून पलीकडच्या तलावाच्या कामावर जावं. तो तलाव चार कोसांवर होता. गयाबाई त्याच्याकडं बघतच नव्हती. ती कौसाबाईकडं बघत होती.

"तुझ्याबिगर कुणाला ठावं हुतं गं?"

"गये, लेकराची आन घेते. म्या कुणाला बोलले न्हाई."

"मग काय त्या दगडानं सांगितलं?"

कौसाबाई रडत नव्हती. तिनं इकडंतिकडं बघितलं, आणि मी दिसलो. ती माझ्याजवळ आली. माझ्या हातात तो चंदेरी माईक होता. ती म्हणाली, "लेकरा, तू तर रोज हितंच असतूस. तू सांग हिला. म्या कवा बोलले का कुणासंगं? तूच सांग."

मुकादम माझ्याकडं बघत होता, सहज, कुतूहलानं. म्हातारा पाणक्या बघत होता. गयाबाई बघत होती, आणि मला आज कळतं की तिलाही वाटत होतं मी काहीतरी सांगावं, काहीही, म्हणजे तिला मैत्रिणीवर विश्वास ठेवता येईल. मी म्हटलं, "मला काय माहीत?"

एवढंच. तीन शब्द. मी काही फार मोठं खोटं बोललो नाही. गयाबाईनं हातोडी उचलली, बोटांच्या चिंध्या सोडून कौसाबाईच्या ढिगावर टाकल्या, आणि वाट धरली. कौसाबाई तिच्या मागं थोडी गेली आणि थांबली.

त्यानंतर त्या कामावर मी गाणं ऐकलं नाही. उचलणारी गेल्यावर झेलणारी काय झेलणार? मी सरांना जाऊन सांगितलं की बायका आता गात नाहीत, आणि चंदेरी माईक परत केला. तो तसाही धुळीनं बसला होता, नुसता फुसफुसत होता. सर म्हणाले, हरकत नाही. टेपचा तेवढा तुकडा मी शेवटी पुसला. आव्वाच्या देखत पुसला, आणि तिनं भाकरी वाढली. तिला सगळं कळलं होतं असं मला वाटतं. त्यानंतर एक गोष्ट बदलली. मागच्या दाराशी गोवऱ्यांची बाई आली की आव्वा पेला तिच्या हातात द्यायला लागली. पहिल्या वेळी त्या बाईनंच हात मागं घेतला होता. मी ओसरीत बसून बघत होतो. माझ्याशी आव्वा त्याबद्दल कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरात मिलच्या घरघरीवरून बोलावं लागायचं, आणि काही गोष्टी तेवढ्या मोठ्यानं बोलता येत नाहीत.

दुकान पुढं मीच चालवलं. रेकॉर्डिंगचं कामही केलं, गावोगावच्या भजनांचं, भारुडांचं, जलशांचं, सगळं आप्पांच्या माईकवर. लोक म्हणायचे बसवराज जुन्याला धरून आहेत. आप्पा जाईपर्यंत मला वाटत राहिलं की ते विचारतील, चंदेरी माईक का परत केलास. त्यांनी नाही विचारलं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडं माईकची चौकशी करून गेलेल्या एका मुलीनं मला मोबाईलवर एक तुकडा पाठवला. नायगावला एका आजींचं गाणं मिळालंय, ऐकून सांगा आवाज बरा आलाय का. मी दुकानात उभ्यानंच लावला. म्हातारा, चिरलेला आवाज. "जिल्हा नवा झाला बाई, साहेब आला जीपनं." दोन ओळी आणि संपलं. खाली त्या मुलीनं लिहिलं होतं, 'पुढच्या ओळी विचारल्या तर आजी म्हणतात, पुढच्या माझ्या नाहीत.'

मी आप्पांचा माईक फडक्यात बांधला, रेकॉर्डर घेतला, आणि नायगावला गेलो. गयाबाई लेकीकडं राहत होती. लेक अंगणवाडीत, घर स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दाराशी माठ. लेकीनं पाण्याचा पेला दिला. मी तो हातात धरून बसलो आणि सगळं सांगितलं. रांजण, टेप, मुकादम, माझा अंगठा, मला काय माहीत. सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं वाटायचं खूप लांबलचक आहे.

गयाबाई खाटेवर बसली होती, हाडं तशीच, डोळे पांढुरके. मग म्हणाली, "कौसी मेली, ठावं हाय का तुला?"

"नाही."

"निलंग्याला. तिच्या लेकानं निरोप धाडला हुता. म्या गेले न्हाई." तिनं गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. "ती दोनदा आली हुती माज्या दारात. म्या कवाड लावलं. दोनदा."

मी माफी मागितली. शब्द नीट निघाले नाहीत. ती म्हणाली, "तुला माफ करायचं काम माजं न्हाई. ते कौसीचं. आता तिला कुठनं आनतूस?" त्यात राग होता, पण माझ्यावर खर्च करावा एवढा नव्हता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मशीन आनलंयस का?"

मी फडकं सोडलं. तिनं माईक हातात घेऊन तोलला. "लई जड हाय रं. ती चांदीची काडी कुठं गेली?"

"ती मेली. हा माझ्या वडलांचा. तोंडाशी धरल्याशिवाय याला ऐकू येत नाही."

"हाव? मग बरा हाय की." ती पहिल्यांदा थोडी हसल्यासारखी झाली. "कसा धरायचा?"

मी माझी मूठ हनुवटीपाशी ठेवून दाखवली. तिनं तशी ठेवली. मी बटण दाबलं. ती माईकात म्हणाली, अगदी साध्या, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात, "कौसे, तू न्हाई सांगितलंस. ह्या बाजारातल्या पोरानं सांगितलं. मला आज कळालं बग." मग श्वास घेतला आणि उचललं. आवाज दोनदा तुटला, पण ठेका सुटला नाही, डावा हात मांडीवर घाव घालत होता.

"वाट त्याची केली आम्ही हातावरल्या फोडानं."

तिथं ती थांबली. दोन घाव मांडीवर पडले. मला वाटलं संपलं, माझा अंगठा बटणावर गेला. तेवढ्यात गयाबाईनं माईक आपल्या तोंडापासून काढला आणि डाव्या अंगाला नेला, खाटेच्या रिकाम्या कडेला, बसलेल्या बाईचं तोंड जिथं यावं तिथं, बरोबर एक मूठ अंतर ठेवून. आणि तो तसाच धरून राहिली. माईक जड होता. मी अंगठा उचलून घेतला. टेप चालू ठेवली.